रात्री काहीतरी चावलं

आषाढ लागला की मुळशी खोऱ्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं, ‘रात्री काय तरी चावलं बगा.’ कोळवणच्या बाजूला लावणीला जाणारी मावशी ते म्हणते आणि शनिवारी धरणाकाठच्या बंगल्यावर मुक्कामाला आलेले पुणेकरही तेच म्हणतात. मावशीच्या लेखी ते ‘किडूक’ असतं. ती चावल्या जागी चुना फासते आणि खाचरात उतरते. पुणेकरांच्या लेखी तो विषारी कोळी असतो. ते चहा गार होईपर्यंत मोबाइलवर कोळ्यांचे फोटो पाहत बसतात. आरोपी दोघांनीही ठरवून टाकलेला असतो आणि पुरावा काय, तर कातडीवरचा एक लाल डाग. या खटल्यात डागाइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

या भागात बरेच पावसाळे काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. जो चट्टा पाहून घर हादरतं, तो बहुधा दोन-तीन आठवड्यांत वाळून जातो. ज्या दंशाने माणूस दगावतो, त्याची खूण मात्र कधी कधी भिंग घेऊन शोधली तरी सापडत नाही. म्हणून डागाकडे सावकाश वळू. आधी माणसाकडे बघायचं.

त्याला उजेडात बसवा आणि बोलतं करा. आवाज रोजचाच आहे ना? श्वासाला घरघर किंवा शिट्टी लागली आहे का? ओठ, जीभ, डोळ्यांभोवतीची जागा सुजते आहे का? सगळ्या अंगावर गांधी उठल्या, चक्कर आली, उलटी झाली आणि हे सगळं चावल्यापासून काही मिनिटांत किंवा तासाभरात सुरू झालं, तर ती शरीराची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. गांधीलमाशी किंवा आग्या मोहोळाच्या माश्यांनंतर हे प्रामुख्याने घडतं. तिथे घरातली सेट्रिझिनची गोळी पुरी पडत नाही. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि तेही लगेच. मग दुसरी तपासणी. ‘वर बघ’ म्हटल्यावर पापण्या नीट उघडतात का? घोटभर पाणी गिळता येतं का? पोटात कळ येते आहे का? आणि तिसरी. गारव्यातही दरदरून घाम सुटला आहे का, हातपाय थंडगार पडलेत का? यातलं एक जरी दिसलं तर वाचणं थांबवा, १०८ लावा किंवा गाडी काढा. कारण पुढे येईलच.

यातलं काहीच नसेल तर घाई करण्यासारखंही काही नाही. साबण आणि भरपूर पाण्याने जागा धुवा. हाताला चावलं असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ तेवढं आधी काढा. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. मधमाशीचा काटा रुतला असेल तर नखाने, कार्डाने, जे हाताशी असेल त्याने तत्काळ काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला, याला महत्त्व आहे, कारण काट्यासोबत आलेली पिशवी विष ढकलतच असते. मग रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, नसेल तर विहिरीच्या पाण्याची पट्टी. खाज असेल तर कॅलामाइन लोशन. सेट्रिझिन घ्यायला हरकत नाही, पण तिने झोप येते, त्यामुळे ती घेऊन ताम्हिणी घाटात गाडी घालू नका.

लावायचं काय, यापेक्षा लावायचं नाही काय, हे सांगणं इथे जास्त गरजेचं आहे. चुना, मशेरी, टूथपेस्ट, रॉकेल, कांद्याचा रस, यातलं काहीही नको. चुना मुळात दाहक. तो कातडी भाजतो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे कोडं उभं राहतं, की हा दंश आहे की चुन्याचा चटका.

आणखी एक काम, दोन मिनिटांचं. बॉलपेन घ्या आणि लाली जिथे संपते तिथे कडेने रेघ ओढा. शेजारी वेळ लिहा. जवळ एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. या रेघेचा उपयोग उद्या-परवा होणार आहे.

आता डागाकडे. सुरुवात माझ्याच मानेपासून करतो.

गेल्या श्रावणात एका सकाळी मानेला चुरचुर लागली. आरशात पाहिलं तर कानामागून कॉलरच्या हाडाकडे बोटभर लांब लाल पट्टा, कुणी तापलेली उलथणी ओढावी तसा. आदल्या रात्री काही चावल्याचं आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर बारीक फोड आले, मध्ये पिवळट पू दिसू लागला. शेजारच्या आजींनी लांबूनच निदान केलं, ‘नागीण हाय ही. तोंड आन् शेपूट एक होऊन द्यायचं न्हाई, मानूस जातो.’ लेप देणारा माणूसही त्यांच्या माहितीत होता. मला मात्र डाव्या कोपराच्या घडीत आणखी एक गोष्ट सापडली. घडीच्या वर एक चट्टा, खाली तंतोतंत तसाच दुसरा. लहानपणी कागदावर शाई टाकून तो दुमडला की फुलपाखरू उमटायचं, तसे.

हे जोडचट्टे दिसले की पोलिसाला ठसा मिळाल्यासारखं होतं. हा पेडेरस नावाचा किडा. आकाराने साळीच्या दाण्यापेक्षा किंचित लांब, सात ते दहा मिलिमीटर. डोकं काळं, मान नारिंगी, त्यावर निळसर-हिरव्या चकाकीचे आखूड पंख, मग पुन्हा नारिंगी पोट आणि काळं टोक. चालताना मुंगळ्यासारखा दिसतो आणि डिवचलं की शेपूट वर करतो, त्यामुळे तो नांगी मारणार असं वाटतं. त्याला नांगी नाही आणि तो चावतही नाही. हॉस्टेलमधली मुलं त्याला ‘अ‍ॅसिड फ्लाय’ म्हणतात. ती माशी नाही, आणि त्यात अ‍ॅसिडही नाही. तो भुंग्यांच्या जातकुळीतला कीटक आहे आणि त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं द्रव्य असतं. गंमत म्हणजे ते द्रव्यही तो स्वतः तयार करत नाही. मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात.

होतं ते असं. भाताच्या खाचरांत, ओल्या बांधावर हा किडा राहतो. रात्री पांढऱ्या दिव्याकडे येतो, ट्यूबखाली टपकतो, अंथरुणावर, मानेवर चालू लागतो. झोपेत आपला हात जातो आणि आपण त्याला चिरडून वर-खाली चोळतो. म्हणून पट्टा. पेडेरिन पेशींमधलं प्रथिनं बनण्याचं काम थांबवतं, पण ते काही लगेच जाणवत नाही. आग सुरू व्हायला बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत वेळ लागतो. किडा कधीच केरात गेलेला असतो. म्हणून ‘काय चावलं ते दिसलंच नाही’. चावलंच नव्हतं, तर दिसणार काय! त्याच बोटांनी डोळा चोळला तर पापणी सुजून डोळा बंद होतो. पूर्व आफ्रिकेत याला ‘नैरोबी आय’ म्हणतात. २०२२च्या जुलैमध्ये सिक्कीममधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शंभरेक विद्यार्थ्यांना या किड्याने हैराण केलं होतं, तेव्हा बातम्यांत हेच नाव गाजलं.

उपाय साधा. अंगावर किडा चालताना दिसला तर चापट मारायची नाही. फुंकर मारा किंवा त्याच्यापुढे कागद धरा, तो चढतो. चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा, हातही धुवा, उशीचा अभ्रा आणि चादर धुवायला टाका. पट्टा उठल्यावर गार पट्ट्या आणि डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलम. फोड फोडायचे नाहीत. एक ते तीन-चार आठवड्यांत खपली पडते, मागे काळसर डाग काही काळ राहतो. डोळ्याजवळ असेल तर मात्र डॉक्टरांकडेच.

मग आजींची नागीण? ती असते, पण तिचा कीटकांशी काही संबंध नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूंत तो विषाणू दडून बसतो आणि वय वाढल्यावर किंवा अंगातली ताकद खालावल्यावर पुन्हा उठतो. नागिणीत फोड येण्याआधी दोन-तीन दिवस त्या पट्ट्यात ठणका असतो. फोड घोसाघोसाने येतात आणि शरीराच्या एकाच बाजूला, मधल्या रेषेपाशी थांबतात. ती सहसा एकाच मज्जातंतूच्या वाटेने जाते, त्यामुळे तोंड-शेपूट मिळण्याचा प्रश्न येत नाही. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर त्यांचा उपयोग जास्त, आणि लेप देणाऱ्याच्या दारात नेमके हेच तीन दिवस जातात. आजींना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ‘लेप तरी लाव’ म्हणाल्या.

पेडेरसविषयी शेवटचं. पडवीत औषध फवारून त्याचा नायनाट करायला निघू नका. भाताला लागणारे तुडतुडे तो खातो, म्हणजे इंद्रायणी पिकवणाऱ्याचा तो बिनपगारी गडी आहे. पांढरी ट्यूब काढून पिवळा दिवा लावला, निजायच्या तासभर आधी तो बंद केला आणि खिडकीला बारीक जाळी बसवली की भागतं.

बाकीच्या किरकोळ मंडळींना फार वेळ द्यायला नको. उघड्या अंगावर तीन-चार चट्टे एका रांगेत असतील तर ढेकूण. गादीची शिवण आणि पलंगाच्या फटी तपासा, काळे ठिपके दिसतील. फक्त घोट्याभोवती बारीक लाल पुळ्या असतील तर पिसवा. महिनाभर बंद असलेल्या बंगल्यावर हे हमखास घडतं. पिसवांचे कोश जमिनीच्या फटीत वाट पाहत पडून राहतात आणि माणसाच्या पावलांची थरथर, अंगाची ऊब लागली की एकदम फुटतात. शुक्रवारी रात्री तुम्ही कुलूप उघडता आणि ती तुमच्यासाठी पंगत नसते, तुम्हीच पंगत असता. सुरवंटाची कुसं टोचली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा. ताम्हिणीत जळू लागली तर नखाने हलकेच सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता मुख्य आरोपी, कोळी. माझ्या न्हाणीघरात एक आहे. पाय पसरले तर तळहाताएवढा, रंग मातकट, चपटा. जाळं विणत नाही, भिंतीवर चिकटून बसतो आणि रात्री झुरळं धरतो. मादी पोटाखाली पांढरं चपटं बटण घेऊन फिरते, ती अंड्यांची पिशवी. पाहुणे किंचाळतात. मी तिला राहू देतो, कारण ती आल्यापासून झुरळांच्या औषधाचा खर्च वाचला आहे. तिला मुठीत दाबलं तर ती चावेल, मधमाशीइतकं दुखेल आणि तिथे प्रकरण संपेल.

इंटरनेटवर कातडी सडवणाऱ्या ज्या तपकिरी कोळ्याचे फोटो फिरतात, तो ब्राउन रिक्लूज अमेरिकेतला आहे, मुळशीत नाही. जिथे तो आहे तिथली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. कॅन्सस राज्यातल्या एका घरात सहा महिन्यांत या जातीचे २,०५५ कोळी सापडले. त्या घरात चौघांचं कुटुंब अनेक वर्षं राहत होतं आणि एकालाही दंश झालेला नव्हता. हा शोधनिबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण कॅलिफोर्नियात ‘कोळी चावला’ म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या १८२ जणांची पाहणी झाली, तर खरोखर कोळी चावलेले ७ निघाले. १५६ जणांना जिवाणूंमुळे झालेला त्वचेचा संसर्ग होता. ऑस्ट्रेलियात कोळी पकडून, तज्ज्ञांकडून ओळखून घेतलेल्या ७५० दंशांचा पाठपुरावा केला गेला. त्यात एकाही माणसाची कातडी सडली नाही.

जिवाणूंचा तो त्वचेचा संसर्ग आपल्याकडे अनोळखी मुळीच नाही. त्याला आपल्या भाषेत चांगली घरगुती नावं आहेत. केसाच्या मुळाशी झालं तर केसतूड, मोठं झालं तर करट, पू साचून टचटचीत झालं तर गळू, आणि पाठीवर किंवा मानेवर चाळणीसारखी अनेक तोंडं फुटली तर काळपुळी. काळपुळी दिसली की रक्तातली साखर तपासायची, हे जुने डॉक्टर न चुकता सांगत. आजही सांगावं. डास चावलेली जागा घाणेरड्या नखाने खाजवली तरी हे सुरू होऊ शकतं.

इथे पेनाची रेघ कामी येते. कीटक चावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत येणारी लाली आणि खाज ही बहुतेक वेळा अ‍ॅलर्जीच असते. ती दिसायला मोठी असली तरी आपोआप ओसरते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. याउलट दोन-तीन दिवसांनी लाली रेघ ओलांडून पुढे सरकली, खाजेऐवजी ठणका आला, जागा तापली, जांघेत किंवा काखेत अवधाण आलं, ताप चढला, तर ते जिवाणूंचं काम. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर तिसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते आठवून ठेवा.

आतापर्यंतचे सगळे डाग दिसणारे होते. यापुढचं जरा वेगळं.

गवत कापणाऱ्या, गुरं राखणाऱ्या, पावसात डोंगर चढणाऱ्या माणसाला दहा-बारा दिवसांनी सडकून ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं. कुणी टायफॉइड म्हणतं, कुणी डेंगी. अशा वेळी सगळे कपडे काढून काख, जांघ, कमरेची नाडी बांधतो ती जागा, स्त्रियांच्या बाबतीत स्तनांखालची घडी, हे सगळं पाहावं लागतं. तिथे विडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली सापडू शकते, भोवती लाल कडं. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. ही स्क्रब टायफसची खूण. झुडपांतल्या सूक्ष्म माइटचं पिल्लू, डोळ्याला जेमतेम दिसणारं, कपडा घट्ट बसतो तिथे जाऊन चावतं आणि एक जिवाणू सोडतं. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या तापाची मोठी साथ आली आणि माणसं दगावली, तेव्हा हे नाव मराठी वर्तमानपत्रांत घरोघरी पोहोचलं. खपली प्रत्येकाला असतेच असं नाही. पण डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध वेळेत मिळालं तर दोन दिवसांत ताप उतरू लागतो, उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरतात. त्यामुळे पावसाळ्यात ताप घेऊन दवाखान्यात गेलात तर न विचारता सांगा, ‘पंधरा दिवसांत गवतात, रानात गेलो होतो.’ निम्मं निदान या एका वाक्यात असतं.

विंचवाचं उलट आहे. तो चावल्याचं कुणाला सांगावं लागत नाही, आळीला कळतं. इथेही दिसण्यावर जाऊ नका. काळी, मोठी, जाडजूड चिमट्यांची इंगळी पाहून छाती दडपते, पण खरा धोका लहानशा, लालसर विंचवाचा, ज्याचे चिमटे बारीक असतात. तो दगडांखाली, सरपणात, मातीच्या भिंतीच्या भेगांत राहतो. ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या पुढे गेलं की महाड. तिथल्या भागात १९७०च्या दशकात एक तरुण सरकारी डॉक्टर रुजू झाला आणि विंचू चावलेली धडधाकट माणसं, मुलं फुप्फुसांत पाणी होऊन डोळ्यांदेखत जाताना पाहू लागला. त्याने रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी केल्या. मूळचे जालना जिल्ह्यातले हे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं, की उलट्या, दरदरून घाम, लाळ, थंड हातपाय, पुरुषांत लिंगाला ताठरता, ही हृदयावर संकट येत असल्याची आधीची सूचना आहे. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही गोळी त्यावर चालते, हे १९८६ साली त्यांनी त्याच नियतकालिकात मांडलं. जिथे शंभरातले तीस-चाळीस गंभीर रुग्ण जात, तिथे हे प्रमाण एक-दोनावर आलं. पुढे विंचवाची प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११मध्ये दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

घरच्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच. ठणका असह्य आहे पण घाम, उलटी, गारठा नाही, असा मोठा माणूस सहसा धोक्याबाहेर असतो. दुखणं कमी आणि घाम जास्त असेल, तर मात्र धावायचं. मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता धावायचं. गोळी घरी ठेवून स्वतःच देण्याचा उद्योग नको, रक्तदाब पाहिल्याशिवाय ती देत नाहीत.

आणि आता तो दंश, ज्याच्यासाठी मी सुरुवातीला पापण्या पाहायला सांगितल्या.

पहाटेचे चार. जमिनीवर पथारी टाकून झोपलेलं दहा वर्षांचं पोर उठतं, म्हणतं, ‘आये, पोटात दुखतंय.’ एक उलटी होते. आई ओवा देते. थोड्या वेळाने घसा दुखतोय म्हणतं, बोबडं बोलतं. डोळे मिटतायत, आईला वाटतं झोप आली आहे. ती त्याला परत निजवते. अंगावर कुठे काही नाही. ना सूज, ना रक्त, ना दातांची खूण. मण्यार चावल्याचं हे चित्र आहे. काळ्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री उंदरांच्या मागे घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली की चावतो. दात इतके बारीक, की डास चावल्यासारखं वाटतं किंवा काहीच वाटत नाही. विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. आधी पापण्या पडतात, मग गिळणं जातं, शेवटी छातीचे स्नायू थांबतात.

आमच्याकडे सापाचं नाव रात्री घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात, दंशाला ‘पान लागलं’ म्हणतात. नाव खुशाल टाळा, दवाखाना टाळू नका. भगताकडे नेलेला माणूस बरा झाल्याच्या गोष्टी खोट्या नसतात. कित्येक दंशांत साप विष सोडतच नाही आणि श्रेय भगताला मिळतं. विष सोडलेलं असेल तर प्रतिलसीवाचून गत्यंतर नाही. आपल्याकडची प्रतिलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. घोणस-फुरशाचं विष रक्तात भिनलंय का, हे डॉक्टर काचेच्या कोऱ्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठतं का, यावरून पाहतात. खूण नसली तरी संशयित रुग्णाला ते चोवीस तास नजरेखाली ठेवतात. ‘काही नाही, घरी जातो’ म्हणून हट्ट करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत यांनी या दुर्लक्षित आजारावर आयुष्यातली अनेक वर्षं घातली आहेत.

नेताना हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून तो अवयव हलू देऊ नका. आवळपट्टी, ब्लेडचा चरा, तोंडाने ओढणं, काही नको. चालवत नेऊ नका. लाळ गिळता येत नसेल तर कुशीवर झोपवा. वेळ लिहून ठेवा. धरणाच्या पलीकडच्या वाड्यांवर रेंज जाते, तेव्हा गाडी निघाल्यावर जिथे रेंज येईल तिथून रुग्णालयाला फोन करून दोन गोष्टी विचारा, प्रतिलस आहे का आणि व्हेंटिलेटर आहे का. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढची सोय पुण्यात ससूनला. श्वास लागलेला माणूस मध्येच अडकू नये म्हणून हे आधी विचारायचं.

अंथरूण जमिनीवरून खाटेवर नेलं तर हा धोका खूप कमी होतो. खाट नसेल तर मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं होतं. ती मण्यार अडवते, विंचू अडवते, डास अडवते आणि ट्यूबवरून टपकणारा पेडेरसही. पण नुसती टांगून उपयोग नाही. आज झोपण्यापूर्वी तिच्या चारही कडा गादीखाली खोचल्या आहेत का, आणि बॅटरी उशाशी आहे का, तेवढं पाहा.